दयाळ की चीरक?

मार्च उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हमखास विचारलं जातं, "पहाटे शीळ घालणारा हा नवा पक्षी कोणता?" पक्षी नवा नसतो. दयाळ वर्षभर इथेच असतो. थंडीत तो झुडपातून खरखरीत आवाज काढण्यापलीकडे फारसा बोलत नाही. विणीचा हंगाम आला की नर अंधार फिटायच्या आधीच पाण्याच्या टाकीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गायला लागतो. मध्येच इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबू नये.

नर ओळखायला सोपा: डोकं, छाती, पाठ काळी, पोट पांढरं, पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. गोंधळ होतो तो चीरकामुळे. तोही काळा, तोही शेपटी उभारणारा. पण चीरक थोडा लहान, पोटाला काळा, आणि शेपटीखाली तांबूस. त्याच्या खांद्यावरचा पांढरा ठिपका बसलेला असताना जेमतेम दिसतो. उडाला की झळकतो. चीरकाची मादी मातकट तपकिरी, पंखावर पांढरं काही नाही. शेपटीखालचा तांबूस रंग मात्र तिलाही असतो.

मी मात्र रंगाआधी जागा बघतो. वेताळ टेकडी चढताना पायथ्याच्या बागांमध्ये पालापाचोळ्यात किडे टिपणारा दिसतो तो दयाळ. माथ्यावर गवत आणि उघडा कातळ लागला की चीरक सुरू. दगडावर बसायचं, टुणकन खाली उतरून किडा उचलायचा, परत दगडावर येऊन शेपटी पाठीकडे झुकेल इतकी वर करायची. तांबूस रंग बघायचा तो नेमका त्या क्षणी.

घरट्यांचंही तसंच. दयाळाला झाडाची ढोली किंवा भिंतीतलं भोक लागतं. चीरक दगडांच्या सांदीतही भागवतो. जुन्या भिंती लिंपल्या, वठलेल्या फांद्या छाटल्या, तर दयाळासाठी लाकडी पेटी टांगता येते. चीरकासाठी टांगण्यासारखं काही नाही. त्याला कातळ, गवत आणि खुरटी झुडपं आहेत तशी हवी असतात. टेकडीचा माथा 'उजाड' म्हणून तिथे झाडं लावण्यासाठी खड्डे खणायला निघालेल्यांनी आधी एक सकाळ दुर्बीण घेऊन तिथे बसावं.