सहकुटुंब म्हणजे कुणासह?

चित्रपटांवर लिहिणाऱ्या माणसाला लग्नामुंजीत हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो. दिग्दर्शन कसे आहे, छायाचित्रण कसे आहे, याची चौकशी कुणी करीत नाही. ‘सहकुटुंब पाहण्यासारखा आहे ना?’ एवढे विचारायचे आणि जिलबीकडे वळायचे! प्रश्न साधा, पण उत्तर देताना माझी दरवेळी पंचाईत होते. कारण त्याचा रूढ अर्थ ‘चुंबन, शिवीगाळ, रक्तपात नाही ना?’ इतकाच असतो. मुलांनी काय पाहू नये याची यादी आपल्याला पाठ आहे. घरातल्या मुलीने, सुनेने, आजोबांनी मिळून काय पाहावे, याची यादी मात्र कुणी केलेली दिसत नाही.

‘माहेरची साडी’चेच उदाहरण घ्या. राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून बेतलेला विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ साली आला आणि बायकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. रूढ अर्थाने याहून सोवळा चित्रपट शोधून सापडणार नाही. अलका कुबल यांची नायिका सोसत जाते, सोसत जाते आणि त्या सोसण्यालाच दागिन्याचे मोल येते. लग्नाच्या वयाच्या मुलीला शेजारी बसवून हा चित्रपट दाखवावा, असे मला कधीच वाटले नाही. पण त्या प्रेक्षागृहातल्या हुंदक्यांना हसणाऱ्या समीक्षकांशीही माझे जमत नाही. घरात रडायला कोपरा नसलेल्या किती जणींनी त्या तीन तासांच्या अंधारात आपले स्वतःचे रडून घेतले असेल! चित्रपटाने त्यांना रडू दिले, ही त्याची पुण्याई. रडून झाल्यावर पुढे काय, हे त्याने सांगितले नाही, ही माझी तक्रार.

ते सांगणारा चित्रपट नऊ वर्षे आधीच येऊन गेला होता. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’, साल १९८२. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन भरल्या घरातून निघते आणि स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी नोकरी पत्करते. मागे नवरा आणि लहान मुलगी. सासरचे लोक छळवादी नाहीत, हे इथे महत्त्वाचे. गिरीश कार्नाड यांचा नवरा सुशिक्षित आहे, आवाज चढवत नाही. सुलभा परत येते तेव्हा आपले दुसऱ्या स्त्रीशी संबंध आहेत, हे तो शांतपणे सांगतो आणि तिने ते समजून घ्यावे अशी त्याची अपेक्षा असते. कुठल्याही खलनायकाच्या गडगडाटी हसण्याची भीती वाटली नसेल, इतकी मला त्या सभ्य आवाजाची वाटते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. ‘मुलीला टाकून जाणारी ही कसली आई?’ असा प्रश्न पडणाऱ्यांनी तो जरूर घरात मोठ्याने विचारावा. एका संध्याकाळची चर्चा त्यात सहज आहे, आणि त्या चर्चेत नवऱ्यांनाही बोलावे लागेल.

तसे म्हटले तर आमच्या बोलपटातली पहिली खरीखुरी गृहिणी याहून कितीतरी जुनी. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) विष्णुपंत पागनीसांसाठी पाहिला जातो. मी तो गौरीबाईंच्या जिजाईसाठी पाहतो. मुले उपाशी, पोर आजारी, म्हटल्यावर ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबासमोर उभी राहते. दामले-फत्तेलाल यांनी तिची खिल्ली उडवली नाही, तिला कजाग ठरवून मोकळे झाले नाहीत. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, जिजाई मुलांसह इथेच राहते. भक्तिपटात संसाराची बाजू इतक्या इमानाने पुन्हा क्वचितच मांडली गेली.

शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’विषयी (१९७२) माझे मत थोडे तिरके आहे. ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची कथा बापूंनी तमाशाच्या फडात अस्सल मुरवली आणि डॉ. श्रीराम लागूंनी मास्तरांची घसरण जिवंत केली, हे मान्य. पण मास्तर घसरले याचा दोष इतक्या सहजी नाचणारीच्या पदरी पडतो, की तिची बाजू विचारायचे आपल्या लक्षातच येत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल (१९८८) काय लिहायचे? ते सगळ्यांनाच पाठ आहे. राहायला खोली मिळत नाही म्हणून बाप्यांना लुगडे नेसावे लागते, या हसण्याच्या तळाशी भाड्याच्या खोलीची खरी चिंता आहे. म्हणूनच ते शिळे होत नाही. आणि आजोबांना घेऊन जायचे असेल तर ‘श्वास’ (२००४). डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार. त्याआधी एक दिवस त्याला शहर दाखवून आणणारा अरुण नलावडे यांचा आजोबा फारसे बोलत नाही. संदीप सावंत यांनीही संगीताला फार बोलू दिलेले नाही. मराठीत हा संयम दुर्मीळ, बरे का!

उरला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. तो २०१४ साली प्रदर्शित झाला तेव्हा ‘मुलांना नेऊ नका, उगाच मनावर परिणाम होईल,’ असा सल्ला सुज्ञ मंडळी देत होती. अहो, त्यातला जब्या स्वतः शाळकरी मुलगा आहे! वर्गातल्या मुलीवर जीव जडलेला, नव्या जीन्सची स्वप्ने पाहणारा. त्याच मुलीच्या, साऱ्या गावाच्या देखत त्याला घरच्यांबरोबर डुकरे धरावी लागतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचे, गाडगेबाबांचे चित्र दिसते. दिग्दर्शक कॅमेरा थांबवत नाही, शब्दही खर्च करीत नाही.

आठवी-नववीच्या मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा, पण त्यांना एकटे बसवू नये. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. ‘त्याने आपल्याला का मारला?’ असे पोराने विचारले, तर उत्तर द्यायला आईवडील शेजारच्या खुर्चीत हवेत.