बाजारची पिशवी आणि परसाचा जमाखर्च

माल विकून आल्यावर अडत्याची पट्टी शेतकरी जितक्या बारकाईनें वाचतो, तितक्या बारकाईनें तो दुसरा कोणताही कागद वाचीत नाहीं. हमाली किती कापली, तोलाई किती लागली, वजनांत घट धरली काय, हें तो दोन-दोनदां पाहतो. आणि दहा रुपयांचा फरक दिसला तर दुसरे दिवशीं पदरचें गाडीभाडें खर्चूनही विचारावयास जातो. तें योग्यच आहे. परंतु त्याच पट्टीच्या पैशांतून आठवड्याच्या बाजारीं जी पिशवी भरून घरीं येते, तिचा हिशेब मात्र घरांत कोणी ठेवीत नाहीं. पिशवी ओट्यावर रिती झाली कीं तिचें प्रकरण मिटलें. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेल्यामुळें जमा व खर्च या दोन्ही बाजू शेजारीं मांडून पाहण्याची आम्हांस खोड लागली आहे. त्या खोडीनें पाहतां असें दिसतें कीं, घरचा बराचसा पैसा या पिशवीच्या वाटेनें नकळत जातो, आणि ती वाट थोडी तरी अडविण्याचें साधन प्रत्येक खातेदाराच्या घरामागेंच आहे. तें साधन म्हणजे परस. या दोहोंविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

शेतकरी विकावयास जातो तेव्हां ठोक भाव, आणि घ्यावयास जातो तेव्हां किरकोळ भाव, हें त्याच्या धंद्याचें मूळ दुखणें आहे. तुरीचेंच उदाहरण घ्या. बाजार समितींत क्विंटलाच्या भावानें तूर घालून आलेला मनुष्य तीन-चार महिन्यांनीं वाण्याच्या दुकानीं किलोच्या भावानें तूरडाळ घेतो. दोन भावांतील अंतर पाहून त्याचें मन उद्विग्न होतें व मधल्या सर्वांस तो एकजात लुटारू ठरवितो. हिशेबी मनुष्यानें असें सरसकट बोलूं नये. एक क्विंटल तूर भरडली असतां सामान्यतः सत्तर किलोंच्या आसपास डाळ हातीं येते. बाकीचें टरफल व चुणी होते. समजा, तूर ७,००० रुपये क्विंटलानें गेली, तर डाळींतील नुसता मूळ मालच किलोस १०० रुपये पडला. त्यावर भरडणावळ, बारदान, वाहतूक आणि दोन-तीन हातांचा नफा चढावयाचा. तेव्हां विकलेल्या तुरीच्या भावांत डाळ मिळावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

मात्र कारण समजलें म्हणून खर्च कमी होत नाहीं. खर्च कमी करावयाचा तर घरापुरती तूर विक्रीस न घालतां मागें ठेवावी व भरडून घ्यावी. पूर्वीं हें काम घरच्या जात्यावर होत असे. आतां अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तयार केलेल्या लहान डाळगिरण्या पुष्कळ ठिकाणीं चालतात. जवळपास अशी गिरणी असेल तर डाळ घरची होते आणि चुणी गोठ्यांतील जनावरांच्या मुखीं पडते. पैशांची नड म्हणून सगळीच तूर विकून मोकळे होणारे लोक पुढें तीच नड वाण्याच्या दारीं किलोकिलोनें फेडीत बसतात.

आतां बाजारांतील पुड्यांकडे वळूं. पुडीवर छापलेली 'कमाल किरकोळ किंमत' ही वस्तूची ठरलेली किंमत होय, अशी पुष्कळांची समजूत आहे. शब्दांतच सांगितल्याप्रमाणें ती कमाल आहे. तिच्यापेक्षां अधिक घेतां येत नाहीं, कमी घेण्यास कसलीही आडकाठी नाहीं. दुसरी गोष्ट वजनाची. किंमत तीच, वेष्टनाचा रंग तोच, आणि आंतील माल मात्र कांहीं ग्रॅमांनीं उतरलेला, असा अनुभव कोणास आला नाहीं? दाम वाढविला तर गिऱ्हाईक ओरडतें, वजन उतरविलें तर ओरडत नाहीं, हें विकणारास ठाऊक असतें. यावर उपाय एकच. दर पुडीचा नव्हे, दर किलोचा भाव काढावा. समजा, १० रुपयांची चहाची पुडी २५ ग्रॅमची असली, तर तो चहा किलोस ४०० रुपये पडला. आणि अर्ध्या किलोचा पुडा १६० रुपयांस असला, तर किलोस ३२० रुपये. एका किलोमागें ८० रुपयांचा फरक! अलीकडील नियमांनुसार आवेष्टित मालावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो. चष्मा लावून वाचावा. क्वचित् मोठा पुडाच महाग पडलेला आढळतो, म्हणून ताडून पाहिल्याखेरीज 'मोठें तें स्वस्त' असेंही धरून चालूं नये.

रोजच्या मजुरीवर पोट असलेल्या मनुष्यास लहान पुडी घेणें भाग पडतें, कारण त्या दिवशीं त्याचे हातीं तेवढेच पैसे असतात. त्यास दोष देणें निर्दयपणाचें होईल. परंतु ज्याच्या हातीं सुगीला एकरकमी पैसा येतो, त्या खातेदारानें चहा, साबण, तेल, मीठ हीं वर्षभर दहा-दहा रुपयांनीं आणावीं यास काय म्हणावें?

सुट्या पैशांची कटकट निराळीच. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं व चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. आमच्या लहानपणीं पांच-दहा पैशांचीं हलकीं नाणीं चलनांत होतीं. पुढें ३० जून २०११ नंतर चार आण्यांचें नाणें व त्याखालील सर्व नाणीं चलनांतून गेलीं. 'सोळा आणे खरें' हें बोलणें मात्र अद्याप टिकून आहे! आतां दुकानदार रुपया-दोन रुपयांच्या मोडीऐवजीं गोळी हातावर ठेवतो. तीच गोळी आपण पैशांच्या जागीं परत देऊं केली तर तो घेईल काय? २०१६ पासून भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाली, तेणेंकरून मोडीचा तंटा पुष्कळ मिटला. तिच्यांत एक दोष व एक गुण आहे. दोष हा कीं, पैसा हातास न लागतां जातो, म्हणून गेल्याचें दुःख होत नाहीं. गुण हा कीं, प्रत्येक खर्चाची नोंद तिथीवारानिशीं आपोआप राहते. अशी बिनपगारी कारकुनी आजवर कोणी केली नव्हती! महिनाअखेर ती नोंद उघडून पाहणारा मात्र विरळा.

बाजाराच्या त्रासांत मोठ्या खरेदीपेक्षां क्षुल्लक वस्तूचा त्रास अधिक. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परसांतील नळाची रबरी चकती झिजून पाणी ठिबकूं लागलें. तालुक्याच्या गांवीं पहिल्या दुकानीं चकती होती, परंतु दहांच्या पुडीखेरीज सुटी द्यावयाची नाहीं असें उत्तर मिळालें. दुसऱ्या दुकानदारानें नवा नळच पुढें केला व चकतीसारख्या वस्तु आतां कोणी ठेवीत नाहीं असा उपदेशही केला. तिसऱ्याकडे मिळाली ती मापानें मोठी निघाली. अखेर घरीं येऊन सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कातरीनें गोल कापून बसविला, तो अजून चालतो आहे. त्या दिवसाचें जाण्यायेण्याचें भाडें चकतीच्या किंमतीच्या किती पट झालें, तें न मांडलेलेंच बरें. यांतून घरांत एक शिस्त लागली. लागणाऱ्या वस्तूंची यादी भिंतीवरील पाटीवर लिहीत जावयाची, पांच-सात जमल्याशिवाय तालुक्यास जावयाचें नाहीं, आणि मोडक्या वस्तूचा उपयोगी भाग फेकावयाचा नाहीं.

असो. आतां परसाकडे येऊं. शेतांतील प्रत्येक पिकाची नोंद गांव नमुना बारामध्यें होते. परंतु गांवठाणांतील परस सातबाऱ्यावर येतच नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं ड्रोनच्या साह्यानें गांवठाणांची मोजणी होऊन घरजागांच्या मिळकत पत्रिका मिळूं लागल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण तींत जागेची नोंद आहे, शेवग्याच्या शेंगेची नाहीं. सरकारी दप्तरांत जें नाहीं, तें घरच्या वहींतही नाहीं. आणि वहींत नाहीं म्हणून त्याची किंमत शून्य, असा हिशेब घरोघरीं चालला आहे.

परसांतील वस्तूचें मोल कसें धरावें हाच येथें मुद्दा आहे. शेतांतील मालाचें मोल तो विकला जातो त्या ठोक भावानें धरावें. परंतु परसांतील वस्तु विकली जात नाहीं. ती नसती तर आपण किरकोळ भावानें आणली असती. म्हणून तिचें मोल किरकोळ भावानेंच धरलें पाहिजे. तीच शेवग्याची शेंग शेतांत असली तर एका भावाची, आणि न्हाणीघरामागें असली तर त्याहून कितीतरी अधिक भावाची ठरते. हमाली नाहीं, तोलाई नाहीं, नासधूस नाहीं. समजा, कोथिंबीर, हिरवी मिरची, कढीलिंब व लिंबें यांपायीं आठवड्यास ५० रुपये जातात. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे २,६०० रुपये झाले. चार वाफे आणि दोन झाडें यांनीं ही रक्कम अर्ध्यावर आणली, तरी १,३०० रुपये घरांत राहिले.

परसांत काय लावावें यासही नियम आहे. जें वारंवार लागतें, थोडें लागतें व एका दिवसांत सुकतें, तें लावावें. जें एकदां लावून वर्षानुवर्षें मिळतें, तें तर अवश्य लावावें. कढीलिंब, कागदी लिंबू व शेवगा या वर्गांतील होत. शेवगा फांदीवरून लागतो. तामिळनाडूंतील पेरियाकुलम येथील 'पीकेएम-१' हा वाण बियांवरून लावतात व तो वर्षाच्या आंत शेंगा देऊं लागतो. शेवग्याचें लांकूड ठिसूळ असतें, यास्तव झाड छाटून ठेंगणें ठेवावें व मुलांस त्यावर चढूं देऊं नये. सांडपाण्यावर अळू व केळ, पावसाळ्यांत कुंपणावर दोडका, कारलें, घेवडा, हा क्रम आपल्या आजीबाईंनीं घालून दिलेलाच आहे. उलट, वर्षाचा कांदा-बटाटा परसांत काढण्याचा हट्ट धरूं नये. तो ठोक भावानें एकदम घेणेंच परवडतें.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे, नाहींतर हिशेब खोटा ठरेल. कुंपण नसेल तर परस शेजाऱ्याच्या शेळीसाठीं लावल्यासारखें होतें. उन्हाळ्यांत पाणी कोठून आणणार, याचा विचार लावणीपूर्वीं करावा. गांवठी कोंबडी वर्षाकाठीं साठ ते ऐंशी अंडीं देते व उष्ट्या-खरकट्यावर पुष्कळसें पोट भरते. पण मुंगूस, घार आणि मानमोडीचा रोग यांचा वांटा आधीं वजा घालावा. मानमोडीवर लस आहे, ती वेळेवर टोंचून घ्यावी. शिवाय कोंबडी व कोंवळीं रोपें यांचें कधीं पटत नाहीं. एकीस किंवा दुसऱ्यास जाळी घातलीच पाहिजे.

बियाणें विकत घेतांना संकरित कीं सुधारित हें पुडीवर पाहावें. संकरित वाणाचें बीं धरून पुढील वर्षीं तसेंच पीक येत नाहीं. देशी व सरळ वाणांचें येतें. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें घरचें बीं राखण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. छापील नांवाचें बियाणें म्हणून तें विकतां मात्र येत नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं अशाच घरच्या बियांचा सांठा जपला, त्यास बियाणें-बँकेचें रूप दिलें, आणि २०२० सालीं त्या पद्मश्री किताबास पात्र ठरल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनीं जें जपलें, तें आपल्या घरांतील किती जणींनीं गाडग्यांत राख घालून जपलें असेल! त्यांची नोंद कोठें आहे?

येथें आमच्या लिहिण्याचें मर्म येतें. परस हें बहुधा घरांतील स्त्रियाच राखतात. सडा झाल्यावर उरलेलें पाणी वाफ्यांत जातें तें त्यांच्या हातानें. अंडीं मोजतात त्या. बीं धरतात त्या. आणि पुरुष मंडळी 'घरांत पैसा आणतो कोण?' असा सवाल टाकून मोकळी होतात. परसाचें खातें किरकोळ भावानें एक वर्ष लिहून पाहावें, म्हणजे या सवालाचें उत्तर आंकड्यांनींच मिळेल. न खर्चलेला रुपया हाही आणलेलाच रुपया होय, हें कोणत्याही जमाखर्चनविसास मान्य करावें लागेल. पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लागावें म्हणून १९९२ सालीं लक्ष्मी-मुक्ति योजना निघाली. नांव लावण्याच्या अर्जास लागणारा कागद फार नाहीं. मन मोठें लागतें. निदान परसाच्या खात्यावर तरी जिचे श्रम तिचें नांव आजच घालतां येण्यासारखें आहे.

याकरितां मोठी वही नको. मुलांची अर्धी उरलेली वही पुरे. डाव्या पानावर बाजारांतून आलेली वस्तु, वजन, किंमत व दर किलोचा भाव लिहावा. उजव्या पानावर परसांतून निघालेली वस्तु, अदमासें वजन व त्या आठवड्याचा किरकोळ भाव लिहावा. त्याखालीं बीं, खत, जाळी, लस यांचा खर्च मांडावा. दर अमावास्येस बेरीज करून ती घरांत सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. येत्या पाडव्यापासून आरंभ करून जे वाचक वर्षभर ही वही चालवितील, त्यांनीं आपल्या दोन्ही पानांच्या बेरजा या मासिकाकडे अवश्य पाठवाव्या. उजवें पान कोणाच्या हातचें आहे, त्या बाईंचें नांवही सोबत लिहावें.