शांततेची निविदा

मुंबईच्या सागरी किनारा मार्गालगत साडेसात किलोमीटरचा विहारपथ होणार होता. त्यातला सव्वापाच किलोमीटर १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांसाठी खुला झाला. फिती कापून झाल्या, फोटो छापून आले. आता प्रश्न उरतो तो समुद्रात भराव घालून केलेल्या १११ हेक्टर जमिनीपैकी बागेसाठी ठेवलेल्या सुमारे ५३ हेक्टरांचा. या भरावावर घरे किंवा दुकाने येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने बजावलेले आहे. पण इमारत नाही म्हणजे शांतता आली, असे होत नाही. रोषणाई, संगीत कारंजे, महोत्सवाचा मंडप हे सारे ‘मनोरंजन’ या एका शब्दाखाली बिनबोभाट आत येऊ शकते.

रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याची कायदेशीर वाट आहे, पण ती फार लवकर संपते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. त्यात ठरते ते एवढेच, की अमुक भूखंडावर उद्यान. त्या उद्यानात ढोलकीचा कट्टा असेल की नुसते गवत, हे पुढे सल्लागार आणि निविदा ठरवतात. लोकांच्या वाट्याला येते ते सादरीकरण. पडद्यावरच्या त्या रंगीत चित्रांत कायम संध्याकाळ असते, माणसे विरळ असतात, एखादे मूल फुगा धरून धावत असते. आवाज अर्थातच नसतो. मग सूचना येतात: स्वच्छतागृह हवे, बाक हवेत, दिवे हवेत, ओपन जिम हवी. शेवटी कुणीतरी उठून म्हणते, शांतता राहू द्या. आधीच्या प्रत्येक मागणीला दरसूचीत भाव आहे. या शेवटच्या मागणीला नाही, त्यामुळे इतिवृत्तात तिची ‘नोंद घेतली’ जाते आणि अंदाजपत्रकातून ती गळते.

शिवाय माणसे जे मागतात आणि जसे वागतात त्यात अंतर असते. न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात हेच पाहण्यात वर्षे घालवली. प्रश्नावल्या वाटत बसण्याऐवजी त्यांनी चौकांवर आणि छोट्या उद्यानांवर कॅमेरे लावले. गर्दीपासून दूर जायचे आहे, असे सांगणारे लोक प्रत्यक्षात बसत होते ते जिथे आधीच माणसे बसली आहेत तिथेच. बसण्याजोगी जागा असेल तिथे लोक बसतात, हा त्यांचा निष्कर्ष ऐकायला बाळबोध वाटतो; पण तो न पाळलेल्या बागा जगभर ओस पडल्या आहेत. १९६७ मध्ये उघडलेले मॅनहॅटनमधले पेली पार्क हे त्यांचे आवडते उदाहरण. इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत सुट्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीवरून सतत कोसळणारे पाणी. डेसिबलमध्ये मोजले तर तो धबधबा चांगलाच गोंगाट करतो, पण रस्त्याचे हॉर्न त्यात बुडतात आणि शेजारच्याचे बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही. लोकांच्या लेखी ती शांत जागा ठरली. मरीन ड्राइव्हच्या कठड्याचे गुपित याहून वेगळे नाही. पाठीमागे गाड्यांची रीघ असते, पण तोंड लाटांकडे असते आणि कठड्याची रुंदी ऐसपैस असते; तिथे कुणी कुणाला उठवत नाही.

नव्या किनाऱ्यावर अडचण मोठी आहे. शहर आणि विहारपथ यांच्या मध्ये आठ पदरी रस्ता आहे आणि रात्री भरधाव पळणाऱ्या गाड्यांविरुद्ध ब्रीच कँडीच्या रहिवाशांनी तक्रारीही केल्या आहेत. रस्त्यासारख्या लांबलचक स्रोतापासून अंतर दुप्पट केले, तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. चिंचोळ्या पट्ट्यात हटणार तरी किती? झाडांची एखाद-दुसरी रांग डोळ्यांना गारवा देते, आवाज फारसा अडवत नाही. तो अडवतो रस्त्याला चिकटून घातलेला मातीचा उंचवटा किंवा भिंत, गाडी नजरेआड होईल एवढी. त्यावर खारा वारा सोसणारी उंडी लावावी, विदेशी पाम कशाला?

रहिवाशांच्या बोलण्याने काही बदलत नाही, हेही खरे नाही. ब्रीच कँडीतल्या अमरसन्स उद्यानाजवळचे नियोजित भूमिगत वाहनतळ स्थानिकांच्या विरोधामुळे वगळावे लागले. त्याहून महत्त्वाचा लढा वरळीच्या कोळ्यांचा. किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमधले ६० मीटर अंतर होड्यांना पुरणार नाही, असे ते सांगत होते. काम अडवून धरल्यावर आराखड्यातून एक खांब गेला आणि अंतर १२० मीटर झाले. त्यांची मागणी याहून मोठी होती, तरी खांब हलला. मात्र हे हरकती-सूचनांच्या रकान्यातून घडले नाही. आणि ‘रहिवासी’ म्हणून सादरीकरणाला बोलावले जातात ते बहुधा समोरच्या मनोऱ्यांतले, जाळी सुकवणारे क्वचितच. दोघांना हवी असलेली शांतता एकच असेल असेही नाही. पहाटे होडीचे इंजिन सुरू झाले, तर तो कोळीवाड्याचा रोजगार असतो. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकांकडे गेला. विहारपथ खुला झाला तेव्हाही वॉर्डात गाऱ्हाणे घेऊन जायला नगरसेवक नव्हता.

म्हणून सूचना द्यायचीच तर ती दरसूचीबाहेरची, नियमाच्या भाषेतली हवी. बागेत कार्यक्रमाला परवानगी कोण देणार आणि वर्षातून किती वेळा, हे आधी लिहून घ्यावे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो, पण राज्य सरकार वर्षातले १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो. तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय तो आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. ब्रीच कँडी रुग्णालय तर थेट या किनाऱ्यावरच उभे आहे. त्याच्यासमोरच्या पट्ट्यासाठी अशी अधिसूचना मागायला ना सल्लागार लागतो, ना निविदा.