क्षयाची औषधे आणि आपली चिकाटी

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारवस्तीत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. तरीही क्षयाच्या औषधांवर बोलण्याचे धाडस करतो, कारण हा रोग आम्ही पुस्तकाआधी वस्तीत पाहिला.

यंत्रमागावरचा आमचा एक सभासद. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढले. ‘बरा झालो’ म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. औषधाला जावे तर खाडा पडे, आणि आजार कळला तर मालक काढील ही धास्ती. वर्षाच्या आत पुन्हा थुंकीतून रक्त आले, आणि या खेपेस नेहमीची औषधे लागू पडेनात. असे का व्हावे?

रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला, पण त्याला मारणारे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. रोगी आधी सुधारत, मग पुष्कळांची प्रकृती पुन्हा ढासळे. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंत थोडे जंतू मूळचेच त्या औषधाला दाद न देणारे असतात. बाकीचे मेले की तेच वाढतात. दोन औषधे एकत्र दिली, तर एकाच्या तडाख्यातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो. एकट्याने मालकाशी भांडू नये हे आम्हांस चळवळीने शिकविले. तोच न्याय इथे आहे.

आज साध्या क्षयाला सहा महिने उपचार असतो. पहिले दोन महिने चार औषधे: झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंना आयसोनियाझिड मारते, सुस्त पडून राहिलेल्यांना रिफॅम्पिसिन गाठते, आम्ल जागी दडलेल्यांवर पायराझिनामाइड चालते, आणि इथॅम्ब्युटॉल पहारा ठेवते. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. खोकला थांबतो तो वाढणारे जंतू मेल्यामुळे. सुस्त जंतू मागे उरलेले असतात. आमचा सभासद नेमका इथेच फसला.

रिफॅम्पिसिनने लघवी तांबूस होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे पडले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गोळ्या मनानेच बंद करून घरी बसू नये.

‘गरिबाच्या खोलीत हा रोग कसा बरा होणार?’ असे काही जण विचारतात. उत्तर मद्रासने दिले आहे. तेथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात काही रोगी आरोग्यधामात आणि काही आपल्याच दाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे वर्षभर दिली. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्यांत रोग अधिक पसरला नाही. खाट आणि हवापाणी यांपेक्षा औषध नियमित पोटात जाणे मोठे ठरले.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार करावा लागे, महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. आमचा सभासद त्यातून वाचला, पण त्याला ऐकू कमी येऊ लागले. आता बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या तोंडाने घ्यायच्या चार औषधांनी योग्य रोगी सहा महिन्यांत बरा होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही पद्धत सुचविली, आपल्या सरकारने २०२४ साली ती मान्य केली.

सरकारी दवाखान्यात ही औषधे फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला आहारासाठी महिना हजार रुपये मिळतात. कामगार विम्यात अटी पुऱ्या करणाऱ्यास क्षयासाठी वाढीव आजारभत्ताही आहे. पण आमच्या यंत्रमागवाल्याचा विमाच नव्हता. म्हणून आमची विनंती एकच. शेजारी खोकत असेल तर त्याला तोडू नका, तपासणीस न्या. आणि कामावर घेणारे जे आपल्यांत बसले असतील, त्यांनी औषधाच्या दिवसाचा खाडा धरू नये. गोळ्या विज्ञानाने दिल्या आहेत. सहा महिन्यांची सवड आपणच द्यायची आहे.