असईला नेमकं काय संपलं?

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या लेणी बघून घाटाच्या पायथ्यावरूनच माघारी वळतात. घाट चढून वर गेलं आणि आग्नेयेची वाट धरली, तर जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचं सैन्य आणि कंपनी सरकारचं सैन्य समोरासमोर आलं. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. आणि आपल्याकडे समज रूढ झाला की मराठ्यांची जुनी युद्धपद्धती त्या दिवशी संपली, नवी कवायती पद्धत जिंकली.

खरंच का हो एखादी लढाई लढण्याची जुनी रीत अशी पुसून टाकते? खानदेश आणि त्याच्या कडेचा हा मुलूख बघितला तर उत्तर थक्क करणारं मिळतं.

आधी असईच बघा. शिंद्यांकडे तिथे काय होतं? दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ. महादजींच्या काळात द बॉइन या सेनानीने घडवलेल्या पलटणींच्या परंपरेतलं, शिस्तीत पावलं टाकणारं. त्यांचा प्रमुख पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा. आणि तोफा? शंभराच्या आसपास! समोर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. त्याच्या हाती लढणारं सैन्य जेमतेम साडेचार हजार आणि तोफा थोड्या.

वाटाड्यांनी सांगितलं, केळणा नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. ये-जा नसती तर माणसांनी गावं अशी समोरासमोर कशाला वसवली असती? एवढ्या तर्कावर त्याने सैन्य तिकडे वळवलं, आणि उतार सापडला. पण खरा चमत्कार पुढेच आहे. शत्रू बगलेवर येतोय हे दिसताच पोलमनच्या पलटणी भर रणात काटकोनात फिरल्या आणि नव्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. हजारो माणसं, शेकडो बैल, जड तोफा, आणि तरी गोंधळ नाही. वेलस्लीला हे अपेक्षितच नव्हतं. इंग्रजांची फळी तोफा ओलांडून पुढे गेली, तर तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला! वेलस्लीचे सुमारे सोळाशे लोक ठार-जखमी झाले. लढलेल्या दर तिघांतला एक.

आता सांगा, या लढाईत जुनं काय होतं? हरली ती मराठ्यांची नवी पद्धत. तोफा जास्त, पायदळ जास्त, कवायत तोडीस तोड. कमी पडलं ते नेतृत्व. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांचे अनेक गोरे अधिकारी आधीच फोडले होते, आणि मोठं घोडदळ जवळजवळ बघतच राहिलं. जुनी रीत त्या मैदानात उतरलीच नाही, मग ती तिथे संपणार कशी?

ती किती जिवंत होती, हे वर्षभराच्या आत दिसलं. १८०४च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सन कंपनीच्या पलटणी घेऊन यशवंतराव होळकरांवर चालून गेला. होळकरांच्या स्वारांनी त्याला राजस्थानातल्या मुकुंदरा खिंडीपासून थेट आग्र्यापर्यंत माघार घ्यायला लावली. चिखल, फुगलेल्या नद्या, तुटलेली रसद आणि पाठीवर सतत घोडेस्वार. मॉन्सनला तोफा टाकून द्याव्या लागल्या. हा अस्सल गनिमी कावा, आणि तोही असईनंतर!

जगात सगळीकडे हेच दिसतं. १३४६ साली क्रेसीला इंग्लिश धनुर्धरांनी फ्रेंच चिलखती सरदारांची दाणादाण उडवली, तरी १४१५ साली अझांकूरला फ्रेंच सरदार पुन्हा चिलखतातच उभे होते. पानिपतावर १५२६ साली बाबराच्या तोफांपुढे इब्राहिम लोदीचे हत्ती टिकले नाहीत. मग हत्तींचं युग संपलं? तीस वर्षांनी त्याच पानिपतावर हेमू हत्तीवर बसून लढत होता, विजयाच्या दारात होता, आणि त्याला खाली आणलं ते बाणाने. जुनं शस्त्र जुन्या वाहनावर चालून आलं, तोफा येऊन तीस वर्षं झाल्यावर! आपल्या शेतात कपाशीची वेचणी सुरू झाली तरी ओळींमधली तूर अजून फुलोऱ्यात असते, तसं युद्धपद्धतींचं आहे. त्या एकाच रानात, आपापल्या वेळेने उभ्या असतात.

खानदेशात तर वेगवेगळ्या पद्धती अवघ्या काही वर्षांत एकामागून एक दिसतात.

डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारीत मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूख, म्हणजे खानदेशातला त्यांचा भाग, कंपनीला मिळाला. कागदावर. किल्लेदारांना तो कागद मान्य होता का? शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे, फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी कंपनीचा जनरल हिस्लॉप तिथे पोचला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामाने किल्ला सोडला नाही. एकामागून एक दरवाजे लागत गेले. आतल्या दरवाजाच्या दिंडीतून काही गोरे अधिकारी आत शिरले. बोलणी चालली होती, पण कुणाचं बोलणं कुणाला कळेना. झटापट झाली, अधिकारी मारले गेले. मग आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. हे इतकं अमानुष होतं की ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉपचे आभार मानताना ही फाशी त्यातून मुद्दाम वगळली.

थाळनेर एका दिवसात पडलं, म्हणजे किल्ल्यांचा काळ गेला असंच वाटेल ना? तीनच महिन्यांत मालेगावच्या भुईकोटाने ते खोटं ठरवलं. आतल्या अरब शिपायांनी इंग्रजांना महिनाभर थोपवलं, एक हल्ला परतवला, दोनशेहून अधिक माणसांची हानी केली. अखेर तोफगोळा पडून दारूकोठार उडालं, तेव्हा कुठे ते शरण आले.

आणि यानंतर उरली ती सगळ्यांत जुनी रीत. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल. तीरकामठा, डोंगरवाटांची माहिती, रात्रीचा छापा आणि पहाटेआधी रानात गडप. तोफ कुणावर रोखायची? वेढा कशाला घालायचा? खानदेशाचा पहिला पोलिटिकल एजंट जॉन ब्रिग्ज याच्या काळापासून १८२५पर्यंत कंपनीने तुकड्या पाठवून पाहिल्या, आणि ज्या सरकारने शिंदे, होळकर, पेशवे सगळ्यांना नमवलं होतं त्याला हे डोंगर काही आवरेनात!

तोड काढली ती लढाई न करता. असई झाली त्याच १८०३ साली जन्मलेला जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट भिल्लांबरोबर शिकारीला जाऊ लागला, त्यांच्यात वावरला, आणि धरणगावला त्याने भिल्लांचीच पलटण उभारली, खानदेश भिल्ल कोअर. जी रीत हरवता येत नव्हती, ती कंपनीने सरळ नोकरीला ठेवली. मला या साऱ्या गोष्टीतलं हे सगळ्यांत विलक्षण वाटतं.

पण नोकरीला ठेवलेली रीत मालकावर उलटूही शकते. सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याच्या राखणीवर असलेला भिल्ल खाज्या नाईक १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठला. ज्या रस्त्याची त्याने राखण केली होती, त्याच रस्त्यावर सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी खाज्याचा साथी भीमा नाईक आणि त्याचे लोक आंबापाणीच्या डोंगरात इंग्रजी सैन्याशी भिडले. लढाई इंग्रजांनी जिंकली, अनेक भिल्ल मारले गेले. तरी खाज्या त्यानंतरही डोंगरात हिंडत राहिला. १८६०मध्ये तो मारला गेला तो रणात नव्हे, दगाफटक्याने.