स्लाइडशेजारी एमआरआय

सकाळी ७:४५

टिश्यू प्रोसेसर रात्रभर चालू होता. काल ऑपरेशन थिएटरमधून आलेले तुकडे फॉर्मालिन, अल्कोहोल, झायलीन असे टप्पे पार करत पॅराफिन मेणात उतरले आहेत. टेक्निशियन काका एकेक तुकडा ब्लॉकमध्ये बसवताहेत. मग मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉन जाडीचे काप निघतील, त्यांची फीत कोमट पाण्यावर तरंगेल आणि ती अलगद काचेवर उचलली जाईल. काप जाड आला किंवा त्याला चुणी पडली, तर पुढचं महागातलं महाग तंत्रसुद्धा उपयोगाचं राहत नाही. म्हणून मी केबिनमध्ये शिरण्याआधी इथे थांबते. मेंदूच्या गाठींचं निदान करणारे आम्ही न्यूरोपॅथॉलॉजिस्ट रुग्णाला सहसा भेटत नाही. आमची भेट होते ती या कापांशी.

सकाळी ८:३०

रेडिओलॉजीतली मीटिंग. अंधाऱ्या खोलीत आज ज्यांची ऑपरेशनं आहेत त्यांचे स्कॅन एकेक करून पडद्यावर येतात. ही मीटिंग मी चुकवत नाही. गाठ मी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बघणारच आहे, पण तिथे मला तिचा कणभर भाग दिसतो. ती डोक्यात कुठे बसली आहे, कशाला चिकटली आहे, आजूबाजूचा मेंदू सुजला आहे की नुसता बाजूला सरकला आहे, हे फक्त एमआरआय सांगतो.

आजची खास केस म्हणजे पंचविशीतला एक तरुण. काही महिने सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, मग उलट्या, मग अंधूक दिसायला लागलं. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या आहेत. त्यांतल्या डाव्या बाजूच्या पोकळीत, दोन्ही बाजूंना वेगळं करणाऱ्या पातळ पडद्याला धरून, बुडबुड्यांनी भरल्यासारखी गाठ दिसते. सीटी स्कॅनवर तिच्यात कॅल्शियमचे ठिपके आहेत.

"वय सांगा, जागा सांगा, मग बाकीचं," असं आमचे रेडिओलॉजीचे सर रेसिडेंटना नेहमी सांगतात, आणि दुर्मीळ गाठींच्या बाबतीत याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. याच जागी विशीच्या आतल्या मुलाला गाठ असती आणि चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, लहानपणापासून फिट्स असा इतिहास असता, तर ट्युबरस स्क्लेरोसिसमधल्या गाठीचा विचार आधी आला असता. पन्नाशीचा रुग्ण असता तर सबएपेंडिमोमा. पंचविशी, ही जागा आणि हे बुडबुडे एकत्र आले की सेंट्रल न्यूरोसायटोमा हे नाव पुढे येतं.

सरांनी स्पेक्ट्रोस्कोपीही करून घेतली आहे. गाठीतल्या रसायनांचा हा आलेख. त्यात ३.५५ पीपीएमपाशी एक शिखर आहे. तिथे दोन पदार्थ जवळजवळ एकाच जागी येतात, मायोइनॉसिटॉल आणि ग्लायसीन. जास्त वेळ थांबून सिग्नल टिपला की मायोइनॉसिटॉल विरून जातं आणि ग्लायसीन राहतं. इथे शिखर राहिलं आहे. न्यूरोसायटोमात ग्लायसीन दिसतं. नुसत्या यावर मी निदान करणार नाही, पण लक्षात ठेवून खाली जाईन.

सकाळी ९:४५

रेसिडेंटबरोबर कालच्या स्लाइड्स. एका बाईच्या मेंदूतली कड्यासारखी चकाकणारी गाठ कॅन्सर म्हणून आली होती. काचेवर मधोमध मृत भाग, भोवती ग्रॅन्युलोमा, मोठ्या बहुकेंद्रकी पेशी. क्षयाची गाठ! आम्ही दोघी मोठ्याने आनंद व्यक्त करतो. डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूतल्या क्षयाचा अभ्यास केला तो याच मुंबईत, आणि आजही इथे अशा प्रत्येक कड्यासमोर ट्युबरक्युलोमाचा विचार करावाच लागतो. रिपोर्ट लेखी जाईल तेव्हा जाईल. मी वॉर्डला आधी फोन करते.

सकाळी ११:२०

ओटीचा फोन. "मॅडम, तुकडा पाठवतोय. काय आहे ते सांगा, मग ठरवतो किती काढायचं."

मदतनीस मावशी डबी घेऊन पळतच येतात. तांदळाच्या कणीएवढा, मऊ, करडा-गुलाबी तुकडा. त्यातला अगदी सुईच्या टोकावर मावेल इतका भाग एका काचेवर ठेवायचा, दुसरी काच वरून दाबायची आणि एका दमात सरकवायची. याला आम्ही स्क्वॅश म्हणतो. लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचं. काही सेकंद जरी हवेत वाळला तरी पेशी फुगून खोटं बोलायला लागतात. मग रंग, की पाच-सात मिनिटांत स्लाइड डोळ्यांपुढे. हार्वी कुशिंग यांच्याबरोबर लुईस आयझेनहार्ट या बाईंनी १९३० च्या सुमारास ऑपरेशन चालू असताना ताज्या पेशी रंगवून बघण्याची पद्धत रूढ केली. आजचा आमचा स्क्वॅश त्याच वंशातला. गोठवून काप घेण्याची फ्रोझनची पद्धतही आहे, पण मेंदूच्या ऊतीत पाणी फार. गोठताना बर्फाचे कण होतात आणि केंद्रकं वेडीवाकडी दिसतात. म्हणून मेंदूसाठी माझा भरवसा स्क्वॅशवर जास्त आहे.

आत काय दिसतं? एकसारखी गोल केंद्रकं, त्यांतलं डीएनएचं द्रव्य (क्रोमॅटिन) बारीक दाणेदार. अधूनमधून पेशी नसलेली, धाग्याधाग्यांची बेटं. जाळीसारख्या नाजूक रक्तवाहिन्या. विभाजन होणाऱ्या पेशी नाहीत, मृत भाग नाही. नुसती ही स्लाइड दिली असती तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा म्हणण्याचा मोह कुणालाही झाला असता. खरंच तसं होत असे. मार्सेच्या झाक हासून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अशा दोन गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत चेतापेशींमधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, दिसले. तोवर या गाठी दुसऱ्याच नावांनी नोंदल्या जायच्या. हा नुसता नावाचा प्रश्न नव्हता. न्यूरोसायटोमा पूर्ण काढता आला तर बहुतेकदा पुढे काही लागत नाही. चुकीच्या नावाखाली एखाद्या तरुणाच्या मेंदूला रेडिएशन मिळू शकतं.

मी माइकवर सांगते, "न्यूरोसायटोमाशी जुळतंय. स्कॅनशीही जुळतंय. हाय ग्रेडची कुठलीच खूण नाही." थोडा वेळ थिएटरमधल्या मॉनिटरचा आवाज. मग सर्जन म्हणतात, "मग पूर्ण काढायचा प्रयत्न करतो." गाठीच्या खालीच फॉर्निक्स आहे, आठवणींची वाट. त्यामुळे त्यांच्यापुढे अजून काही तासांचं काम आहे. मी एक ताजा तुकडा उणे ८० अंशांच्या फ्रीझरसाठी मागून घेते. उरलेलं फॉर्मालिनमध्ये.

दुपारी १:३०

डबा. बोलणं अर्थातच केसेसचं.

दुपारी २

आधीच्या केसेसच्या इम्युनोच्या स्लाइड्स आल्या. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकायची, प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. ऐकायला सोपं, वाचायला नाही. एटीआरएक्स या प्रथिनाचा रंग गाठीच्या केंद्रकांतून नाहीसा झाला असेल तर ॲस्ट्रोसायटोमाकडे बोट जातं. पण आधी त्याच कापातल्या रक्तवाहिन्यांची केंद्रकं तपकिरी आहेत ना, ते बघायचं. ती कोरी असतील तर टेस्टच फसली आहे, गाठीबद्दल ती काहीच सांगत नाही. उलट सिनॅप्टोफायसिन. ते निरोगी मेंदूतही रंगतं, त्यामुळे मेंदूत पसरलेली कुठलीही गाठ फसवी 'पॉझिटिव्ह' दिसू शकते. रेसिडेंटना मी या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा विचारते. त्यांना कंटाळा येत असेल, तरी विचारते.

दुपारी ३:३०

खिडकीशी एक गृहस्थ उभे आहेत. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने आले आहेत. रुमालात गुंडाळलेले दोन ब्लॉक, काही स्लाइड्स, काखेत एमआरआयच्या फिल्म्सची गुंडाळी. मुलगी पंधरा वर्षांची. हातातल्या रिपोर्टवर ग्लिओब्लास्टोमा असं लिहिलं आहे.

"पोरीला किती वर्षांपासून फिट्स येतात?" हे मी विचारायच्या आत तेच सांगतात, चार वर्षांपासून. मी मान वर करते. ग्लिओब्लास्टोमा चार वर्षं अशी वाट बघत नाही.

स्लाइड खरंच भयंकर दिसते. अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी, एकेकीत अनेक केंद्रकं. पण काही पेशी चरबीच्या थेंबांनी भरलेल्या आहेत, आणि मध्ये मध्ये गुलाबी दाणेदार गोळे आहेत. हे गोळे हळू वाढणाऱ्या गाठीची खूण. मग फिल्म उजेडावर धरते. कानशिलाच्या भागात, मेंदूच्या अगदी पृष्ठभागाला, पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्या भिंतीला लागून एक लहान गोळा. केप्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला प्लिओमॉर्फिक झँथोअॅस्ट्रोसायटोमा नेमका असाच असतो. पेशी पाहून घाबरावं, स्कॅन पाहून धीर यावा.

ज्यांनी पहिला रिपोर्ट लिहिला त्यांच्याकडे फिल्म पोचलीच नसणार. त्यांच्या फॉर्मवर 'एसओएल ब्रेन' एवढंच लिहिलेलं आहे, म्हणजे डोक्यात काहीतरी आहे. वय आहे, फिट्सचा उल्लेख नाही, जागा नाही, स्कॅन नाही. याचा मला मनापासून संताप येतो. ऑपरेशनला लाखो रुपये, एमआरआयला हजारो, आणि दोन ओळी लिहायला कुणाला सवड नाही. त्या दोन ओळींवर एका मुलीची पुढची वर्षं अवलंबून आहेत.

"मग कॅन्सर नाही का?" वडील विचारतात.

"गाठ आहे, आणि लक्ष ठेवावंच लागेल. पण लिहिलंय तीच आहे असं मला वाटत नाही. ब्लॉक ठेवून जा. तुमच्या डॉक्टरांशी मी आत्ता बोलते." त्यांच्यासमोरच फोन लावते आणि किमो सुरू करण्याआधी आठवडाभर थांबता येईल का, विचारते. येईल.

ब्लॉकवर बीआरएएफ व्ही६००ई या बदलाची तपासणी लावते. तो सापडला तर निदानाला आधार मिळेल, आणि पुढे गरज पडलीच तर त्या बदलावर नेमकं काम करणारी औषधंही आहेत. पण तेवढ्याने भागणार नाही. तरुणांमधल्या ग्लिओब्लास्टोमाच्या एका जहाल प्रकारातही हाच बदल असतो. खात्रीसाठी मिथायलेशन. गाठीच्या डीएनएवर लाखो जागी रासायनिक खुणा असतात, त्यांचा नकाशा काढायचा आणि माहीत असलेल्या गाठींच्या नकाशांशी ताडून पाहायचा. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये ८२ प्रकारच्या गाठींचा असा संच प्रसिद्ध केला. आपल्याकडे ही सोय अजून थोड्याच केंद्रांत आहे. एका चिपवर आठ नमुने बसतात आणि अर्धी चिप चालवणं परवडत नाही, म्हणून आठ जमेपर्यंत थांबावं लागतं. रिपोर्टला उशीर का, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे खरं कारण सांगते. ते समजून घेतात.

सायंकाळी ५

ट्यूमर बोर्ड. सर्जन, रेडिएशनवाले, किमोवाले, रेडिओलॉजी, मी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून पेशींचं रूप आणि जनुकांतले बदल एकत्र करून नाव द्यायचं ठरलं, २०२१ च्या आवृत्तीत ते आणखी पक्कं झालं. माझं म्हणणं एवढंच की स्कॅनलाही त्या रिपोर्टमध्ये एक ओळ हवी. मी ती लिहिते. पंधरा वर्षांच्या मुलीची फिल्म पडद्यावर लावल्यावर रेडिओलॉजीचे सर स्लाइड न पाहताच तेच नाव घेतात.

सायंकाळी ६:१५

सकाळच्या तरुणाचं ऑपरेशन संपलं. तो शुद्धीवर आला आहे, आईचं नाव सांगतो आहे. किती गाठ उरली ते उद्या-परवाच्या एमआरआयवर कळेल. फॉर्मालिनमधले तुकडे आज रात्री प्रोसेसरमध्ये जातील. मी त्याच्या फॉर्मवर अँटिबॉडीज लिहून ठेवते: सिनॅप्टोफायसिन, न्यूएन, जीएफएपी, आयडीएच१, आणि केआय-६७. विभाजनाचा हा शेवटचा आकडा २-३ टक्क्यांच्या वर गेला तर गाठ परत येण्याची भीती जास्त, म्हणून तो मी स्वतः मोजणार आहे. क्लिनिकल माहितीच्या रकान्यात रेसिडेंटने सर्व लिहिलं आहे: वय, जागा, लक्षणं, ग्लायसीनचं शिखरसुद्धा. मी सही करते.