गाठीच्या आत काय शिजतंय? एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे काय?

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशनही झालं. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला, तर त्याच जागी नवा पांढरा डाग दिसतो. गाठ परत आली, की रेडिएशनमुळे तिथल्या पेशी मेल्या आहेत? एमआरआयवर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसू शकतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे. अशा वेळी डॉक्टर एमआर स्पेक्ट्रोस्कोपी सुचवू शकतात.

यात वेगळं काय?

मशीन एमआरआयचंच. सुई टोचत नाहीत, एक्स-रेही नसतात. नेहमीचा एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनच्या सिग्नलवरून चित्र तयार करतो. स्पेक्ट्रोस्कोपीत पाण्याचा सिग्नल दाबतात, म्हणजे त्याखाली झाकलेले इतर रसायनांचे क्षीण सिग्नल टिपता येतात. प्रत्येक रसायनाची फ्रिक्वेन्सी किंचित वेगळी असते. त्यामुळे हाती आलेख येतो आणि त्यातल्या उंचवट्यांवरून कोणतं रसायन किती आहे, ते कळतं.

आलेखात काय बघतात?

• एनएए: निरोगी चेतापेशींची खूण. गाठीत हे घटतं.
• कोलीन: पेशींच्या आवरणाशी संबंधित. पेशी भराभर वाढत असतील तर वाढतं.
• लॅक्टेट: पेशी ग्लुकोज अर्धवटच जाळत असल्याची खूण.
• लिपिड: पेशी मरत असल्याचा इशारा.

डागात कोलीन बरंच वाढलेलं असेल, तर गाठ परतल्याची शंका बळावते. कोलीनसह बहुतेक रसायनं घटली आणि लिपिड वाढलं, तर मृत पेशींची शक्यता जास्त.

जनुकातला बदलही कळतो?

काही ग्लायोमा गाठींमध्ये आयडीएच या जनुकात बदल झालेला असतो. अशा पेशी २-एचजी नावाचं रसायन साठवतात, हे 2009 मध्ये समोर आलं. 2012 मध्ये संशोधकांनी ते रुग्णांच्या मेंदूत स्पेक्ट्रोस्कोपीने टिपून दाखवलं. या बदलावर नेमका काम करणारं व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झालं. त्यामुळे हा बदल ओळखण्याला आता आणखी महत्त्व आलंय.

मग बायोप्सी नको का?

तसं नाही. डाग फार लहान असेल किंवा कवटीच्या हाडाला लागून असेल, तर आलेख बिघडतो. एकाच डागात जिवंत गाठ आणि मृत पेशी एकत्रही असू शकतात. शिवाय कोलीन इतर काही आजारांतही वाढतं.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘कोलीन वाढलंय’ एवढं वाचून घाबरू नका आणि ‘नॉर्मल’ वाचून पुढची तपासणीही टाळू नका. आधीचे सगळे स्कॅन सोबत घेऊन डॉक्टरांना भेटा.